आत्मौपम्य : एकच माप

गृहस्थाश्रमी मनुष्याला दिवसातून किती वेळा न्यायासनावर बसावे लागते, याची गणना त्याने केली तर ती संख्या पाहून त्यालाच आश्चर्य वाटेल. सकाळी दूध उशिरा आले, मुलाने उलट उत्तर दिले, भावाने वाटणीचा विषय काढला, शेजाऱ्याने कुंपण हातभर पुढे घेतले, कचेरीतील सहकाऱ्याने आपले काम दुसऱ्यावर ढकलले. अशा प्रत्येक प्रसंगी आपल्या अंतःकरणात एक निवाडा होतो. त्याला साक्षीदार लागत नाहीत, पुरावा लागत नाही, आणि वेळ तर मुळीच लागत नाही. 'हा आळशी', 'तो उद्धट', 'हा लोभी', 'तो कामचुकार' असे शिक्के क्षणार्धात उमटतात आणि पुढे वर्षानुवर्षे पुसले जात नाहीत.

त्याच दिवशी आपणही कोठे तरी उशिरा पोहोचलेलो असतो, कोणाला तरी तोडून बोललेलो असतो, एखादे काम आपणही टाळलेले असते. परंतु तेथे शिक्का उमटत नाही. तेथे हकीगत सांगितली जाते. 'गाडी चुकली', 'डोके दुखत होते', 'हातात दुसरे काम होते'. दुसऱ्याच्या कर्माचे मूळ आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि स्वतःच्या कर्माचे मूळ परिस्थितीत शोधतो. कर्म एक, पण मापे दोन! महाराष्ट्रातील वडीलधारी माणसे या वृत्तीला 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' असे म्हणतात. ही म्हण ऐकून आपण हसतो. परंतु ज्या रोगावर आपण हसतो तो रोग आपल्यालाच झाला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. श्रीमद्भगवद्गीता या दोन मापांविषयी काय सांगते, आणि दोनांचे एक कसे करावे, याचा येथे यथामती विचार करावयाचा आहे.

प्रथम एक स्वतःचा प्रसंग निवेदन करतो. तो सांगताना संकोच होतो. परंतु विषयाशी तो इतका निगडित आहे की तो झाकून ठेवून दुसऱ्यांना उपदेश करणे हा आणखी एक दोष होईल.

माझा व्यवसाय संस्कृत ग्रंथांच्या अनुवादाचा आहे. पाठशाळेत गुरुजींच्या पुढे बसून व्याकरण आणि वेदान्त यांचे अध्ययन झाले, आणि पुढील आयुष्य एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत उतरविण्यात चालले आहे. एकाच शब्दाचे प्रकरणपरत्वे दोन अर्थ कसे होतात, हे मी रोज पाहतो. परंतु एकाच कर्माचे दोन अर्थ मी स्वतः कसे केले, हे कळावयास मात्र मला सात वर्षे लागली.

वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाचे तीन खंड मला वडिलांनी घेऊन दिले होते. त्यांपैकी मधला खंड एके दिवशी फळीवर दिसेना. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका शास्त्रीबुवांनी तो काही महिन्यांपूर्वी मागून नेला होता, हे मला पक्के आठवत होते. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "मी तर तो आपणांस परत केला." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले की तो शांतपणाच मला अपराधाचा पुरावा वाटला. ते रागावले असते, तर रागावणे हा पुरावा झाला असता!

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलू लागलो. उघड आरोप केला नाही, आणि त्यामुळे मी स्वतःला सभ्य समजत होतो. मात्र दोन-चार परिचितांच्या बैठकीत त्यांचे नाव घेऊन 'ग्रंथ देताना माणूस पाहून द्यावा' असे मी बोललो. पुढे एका मोठ्या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांचे नाव निघाले आणि माझे मत विचारण्यात आले. मी काहीच बोललो नाही. परंतु न बोलण्याचीही एक रीत असते, आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर समजते. ते काम त्यांना मिळाले नाही.

सात वर्षांनी गावाकडील घर दुरुस्तीला काढले, तेव्हा धाकट्या बहिणीचा निरोप आला, "दादा, माळ्यावरच्या पेटीत तुझे एक जाडजूड पुस्तक सापडले आहे. वाळवी लागण्याआधी घेऊन जा." तो तोच खंड होता. पाहताक्षणी सर्व आठवले. वडिलांच्या अखेरच्या आजारात मी दीड महिना गावी होतो. रात्री त्यांच्या उशाशी बसून काम करता यावे म्हणून तो खंड मीच नेला होता. शास्त्रीबुवांनी तो त्यापूर्वीच परत केला होता.

यापुढची गोष्ट अधिक लज्जेची आहे. खंड हातात घेतल्यावर माझ्या मनात प्रथम पश्चात्ताप आला नाही. प्रथम हे वाक्य आले : 'वडिलांचे दुखणे चालू होते, अशा वेळी कोणालाही विसर पडेल.' म्हणजे माझ्या चुकीची सबब माझ्या चुकीबरोबरच जन्माला आली! त्या रात्री फळीकडे पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. तेथे दोन ग्रंथ दुसऱ्यांचे होते. एक ग्रंथालयाचा, एक गुरुबंधूंचा. कित्येक वर्षे ते माझ्याकडे होते. त्यांच्याविषयी माझ्या मनातील शब्द होता, 'परत करावयाचे राहून गेले.' आणि शास्त्रीबुवांविषयी शब्द होता, 'दाबून ठेवला.' त्यांनी जे केलेच नव्हते त्याला मी अपहार म्हटले, आणि मी जे करीत होतो त्याला विस्मरण म्हटले. सर्व आयुष्य अर्थनिर्णयात घालविलेल्या मनुष्याने एकाच कर्माचा असा दुहेरी अनुवाद केला.

हे असे का होते? गीतेत अर्जुनाने जवळजवळ हाच प्रश्न विचारला आहे. मनुष्याची इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने ढकलीत असल्याप्रमाणे, तो पाप कशामुळे करतो (गीता ३।३६)? श्रीभगवंतांचे उत्तर सर्वांना परिचित आहे : रजोगुणापासून उत्पन्न होणारा काम, आणि त्याचेच दुसरे रूप जो क्रोध, तो येथे वैरी आहे. परंतु याच प्रकरणात पुढे भगवंतांनी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जावे तितके जात नाही. या वैऱ्याचे राहण्याचे ठिकाण कोणते? इंद्रिये, मन आणि बुद्धी (३।४०). इंद्रिये बहकतात आणि मन चंचल असते, हे आपण मान्य करतो. परंतु बुद्धी मात्र या दोघांपासून दूर, उंच आसनावर बसलेली निःपक्षपाती न्यायाधीश आहे अशी आपली समजूत असते. भगवंत सांगतात की वैरी त्या आसनाच्या आतच वस्तीला आहे. अर्थात् ज्या बुद्धीने मी दुसऱ्याचा न्याय करतो, त्याच बुद्धीत माझा राग, माझा लोभ आणि माझा अभिमान बिऱ्हाड करून राहिलेले आहेत. अशा स्थितीत बुद्धी न्यायाधीश राहत नाही. ती वकील होते. वकिलाला पक्षकार आधी मिळतो, मुद्दे तो नंतर शोधतो.

हीच गोष्ट अठराव्या अध्यायात अधिक सूक्ष्मपणे सांगितली आहे. तेथे बुद्धीचे तीन प्रकार आहेत. कर्तव्य काय, अकर्तव्य काय, बंधन कशात आणि मोक्ष कशात, हे जी यथार्थपणे जाणते ती सात्त्विक (१८।३०). अंधाराने झाकली गेल्यामुळे जी अधर्मालाच धर्म समजते आणि सर्वच गोष्टी उलट पाहते ती तामस (१८।३२). या दोहोंच्या मध्ये राजस बुद्धी आहे, आणि तुमच्या-आमच्यासारख्या गृहस्थांची बुद्धी पुष्कळदा याच वर्गात मोडते. तिला धर्म-अधर्म दिसतच नाहीत असे नव्हे, ते जसे आहेत तसे दिसत नाहीत (१८।३१). वाकड्या आरशात मुख दिसते, पण ते वाकडे दिसते. शास्त्रीबुवांनी ग्रंथ परत केला नसता तर तो दोष होता, हे माझे ज्ञान खोटे नव्हते. परंतु तेच ज्ञान मी माझ्या फळीवरील दोन ग्रंथांना लावले नाही. धर्म माहीत होता. पण तो एकाच दिशेला लागू केला जात होता.

गीतेचा आरंभही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. धृतराष्ट्र संजयाला पहिलाच प्रश्न विचारतो, त्यात आपल्या मुलांसाठी तो 'मामक' म्हणजे 'माझे' हा शब्द वापरतो आणि भावाच्या मुलांना 'पाण्डव' म्हणतो. कुरुक्षेत्राला धर्मक्षेत्र म्हणण्याइतके धर्माचे भान त्या वृद्ध राजाला आहे. परंतु त्याच श्वासात माझे आणि त्यांचे अशी वाटणी झालेली आहे. पुढील सातशे श्लोकांचा उपदेश ज्या रोगावर आहे, त्याचे निदान जणू पहिल्याच श्लोकात झाले आहे. धृतराष्ट्राच्या नेत्रांचे अंधत्व जन्माचे होते. या 'माझे'पणाचे अंधत्व त्याने स्वतः जोपासले होते.

महाभारतात याची उदाहरणे पावलोपावली आढळतात. आदिपर्वात दुष्यन्त भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही आणि वर तिच्या कुळावर बोट ठेवतो. तेव्हा ती तेजस्विनी त्याला सुनावते की राजाला दुसऱ्याचा मोहरीएवढा दोष दिसतो, पण स्वतःचा बेलफळाएवढा दोष समोर असूनही दिसत नाही. येथे लक्षात घेण्याजोगे हे आहे की राजाला तो दिसण्यास अडचण नाही. त्याने दृष्टी वळविली आहे. कर्णपर्वात रथाचे चाक भूमीत रुतल्यावर कर्णाला युद्धधर्माची आठवण होते आणि तो अर्जुनाला थांबण्यास सांगतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला एकामागून एक प्रसंग विचारतात : द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा, द्यूतात युधिष्ठिराला कपटाने जिंकले तेव्हा, अनेकांनी मिळून एकट्या अभिमन्यूला घेरले तेव्हा, तुझा हा धर्म कोठे गेला होता? कर्ण मूढ नव्हता, कृपण नव्हता, भित्रा तर नव्हताच. त्याचे धर्माचे ज्ञान खरे होते. फक्त ते स्वतःचे चाक रुतल्यावरच जागे झाले.

परंतु येथे थांबून 'कर्ण असा होता' असे म्हणत आपण समाधान मानले, तर तेही दुसरे माप वापरणे होईल. भगवान् व्यासांनी तसे केलेले नाही. द्रोणपर्वात अश्वत्थामा मारला गेल्याची वार्ता सांगताना धर्मराजाने हत्ती हा शब्द अस्पष्ट उच्चारला, तेव्हा तोपर्यंत भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे व्यास लिहितात. आपल्या कथेतील सर्वांत सत्यनिष्ठ पुरुषासाठीही त्यांनी सवलतीचे माप ठेवलेले नाही. जो ग्रंथ कौरवांचे दोष सांगतो तोच पांडवांचेही सांगतो. म्हणून तो पक्षाचा ग्रंथ न राहता धर्माचा ग्रंथ झाला.

आधुनिक मानसशास्त्रानेही या विषयाचा प्रयोगांनी शोध घेतला आहे. गीतेला त्याच्या प्रमाणपत्राची गरज नाही. परंतु आपल्याला आपला रोग अधिक स्पष्ट दिसावा, म्हणून त्यांतील तीन प्रयोग पाहू.

१९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाजूने व विरुद्ध लिहिलेले निबंध वाचावयास दिले. कोणती बाजू मांडावयाची हे लेखकाला नेमून दिलेले होते, त्याला निवड नव्हती, असे वाचकांना स्पष्ट सांगितले. तरीही बाजूने लिहिणाऱ्याचे स्वतःचे मतही तसेच असावे, याच अनुमानाकडे त्यांचा कल राहिला. म्हणजे दुसऱ्याची परिस्थिती कळली तरी आपण त्याच्या कर्माचे मूळ त्याच्या अंतरंगातच शोधतो.

दुसरा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि तो आम्हां प्रवचनकारांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रिन्स्टन येथे ख्रिस्ती धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यासाठी पाठविले. त्यांच्यापैकी काहींच्या भाषणाचा विषय वाटेत पडलेल्या जखमी प्रवाशाला साहाय्य करणाऱ्या परोपकारी मनुष्याची बायबलातील कथा हा होता. वाटेत एक मनुष्य दाराशी वाकून खोकत, कण्हत बसविलेला होता. ज्यांना वेळ भरपूर आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी साहाय्य केले. ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी केवळ शेकडा १० जणांनी. भाषणाचा विषय परोपकार होता की अन्य काही, याने लक्षणीय फरक पडला नाही. त्या न थांबणाऱ्यांना आपण निर्दय म्हणू. परंतु त्यांच्यातील पुष्कळांना पाच मिनिटे अधिक मिळाली असती तर तेच कदाचित थांबले असते. उद्या आपल्या हाकेला कोणी ओ दिली नाही, तर तो निर्दय आहे असे ठरविण्यापूर्वी तो घाईत होता काय, एवढे तरी पाहावे.

तिसरा प्रयोग आपल्या विषयाच्या गाभ्याला स्पर्श करतो. पिएरकार्लो वाल्देसोलो आणि डेव्हिड डेस्टेनो यांनी २००७ व २००८ साली तो प्रसिद्ध केला. दोन कामे होती, एक थोडक्यात आटोपणारे आणि एक लांबलचक, कंटाळवाणे. ती स्वतःला व दुसऱ्या एका व्यक्तीला वाटून द्यावयाची होती. हवे तर चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यंत्राकडून निवाडा घेण्याची सोय होती. बहुतेकांनी सोपे काम स्वतःकडे ठेवले. नंतर विचारले तेव्हा त्यांनी स्वतःचे वागणे जितके न्याय्य ठरविले, तितके तेच करणाऱ्या परक्याचे वागणे पाहणाऱ्यांनी न्याय्य मानले नाही. शिवाय, केवळ त्याच दिवशी पाडलेल्या आणि हातावरील रंगीत पट्टीने ओळखू येणाऱ्या गटातील मनुष्यालाही, तो आपल्या गटातला आहे एवढ्यावरून, तीच सवलत मिळाली! धृतराष्ट्राचे 'मामक' उत्पन्न होण्यास शंभर पुत्र लागत नाहीत. एक रंगीत पट्टी पुरते.

पण या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा भाग पुढे आहे. काहींना निवाडा करीत असतानाच अंकांची एक मालिका ध्यानात ठेवण्यास सांगून त्यांची बुद्धी गुंतवून ठेवली. त्या वेळी स्वतःला मिळणारी सवलत नाहीशी झाली. स्वतःच्या अन्यायाला त्यांनी परक्याच्या अन्यायाइतकाच अन्याय म्हटले. याचा अर्थ काय? स्वतःला सोडून देण्यासाठी बुद्धीला श्रम करावे लागतात. वकिलाला दुसरे काम लावले की तो बोलू शकत नाही, आणि मग आतला साक्षी जे पाहतो तेच बाहेर येते. प्रथम क्षणी आपल्याला आपला दोष दिसलेलाच असतो. शकुंतलेने दुष्यन्ताला जे सुनावले, त्याचेच हे प्रत्यंतर नव्हे काय?

आता गीतेचा उपाय पाहू. सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे वर्णन करताना भगवंत सांगतात की जो आपल्या उपमेने सर्वत्र सारखे पाहतो, मग ते सुख असो वा दुःख, तो योगी परम श्रेष्ठ होय (६।३२). यालाच आत्मौपम्य म्हणतात. मला जे सुख वाटते ते त्यालाही सुख वाटते, मला जे दुःख होते ते त्यालाही होते, अशी ही दृष्टी. गिरिकंदरात बसलेल्या योग्याचे हे लक्षण आहे आणि गृहस्थाला ते नको, असे कोणी समजू नये. गृहस्थाच्या घरातच या दृष्टीची परीक्षा दिवसातून पन्नास वेळा होते. मुलीला तिच्या सासरी सकाळी उशिरा उठू देतात हे ऐकून आपल्याला आनंद होतो. सून उशिरा उठली की घराची शिस्त बिघडते. येथे मुलीचे सुख कळले आहे. त्या उपमेने सुनेचे सुख कळून घेणे, एवढेच आत्मौपम्य. त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. स्वयंपाकघरापर्यंत गेले तरी पुरे.

येथे एक शंका साहजिकच येईल. प्रत्येकाच्या कर्माला परिस्थितीची सबब दिली तर अधर्माला अधर्म म्हणावयाचे कोणी? घरातील वडिलांनी मुलाला शासन करू नये काय? फसविणाऱ्याला फसविणारा म्हणू नये काय? याचे उत्तर असे की एक माप म्हणजे मापच नसणे नव्हे. ज्या भगवंतांनी समदृष्टी सांगितली, त्यांनीच अर्जुनाला शस्त्र उचलावयास लावले. मित्र, शत्रू, साधू आणि पापी यांच्या ठिकाणी समबुद्धी असणारा श्रेष्ठ होय, असे ते म्हणतात (६।९), म्हणजे पापी हा पापी आहे हे ते नाकारीत नाहीत. कर्माचा निर्णय अवश्य करावा, आवश्यक तेथे शासनही करावे. परंतु कर्मावरून मनुष्याच्या अंतःकरणाचा कायमचा निकाल लावू नये, आणि जो नियम त्याला लावला तो स्वतःला लावल्याशिवाय राहू नये. अतिदुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, कारण त्याचा निश्चय योग्य आहे, अशी आज्ञा आहे (९।३०). भगवंत ज्याचा खटला खुला ठेवतात, तो आपण कोणत्या अधिकाराने बंद करावा?

दुसरी शंका याच्या उलट आहे. काही सज्जन दुसऱ्याला सहज क्षमा करतात आणि स्वतःला मात्र क्षणोक्षणी जाळीत असतात. तेही एक माप नव्हे. आपणच आपला उद्धार करावा, आपल्याला खचू देऊ नये, असे गीता सांगते (६।५). दोष मान्य करून तो सुधारणे निराळे आणि दोषाचे चिंतन करीत बसणे निराळे.

हे प्रत्यक्ष आचरणात कसे आणावे? दीर्घ साधना ज्यांना शक्य आहे त्यांनी ती करावी. माझ्यासारख्यांसाठी तीन लहान नियम सांगतो.

पहिला नियम शब्दांची अदलाबदल करण्याचा. दुसऱ्याच्या कर्मासाठी जो शब्द मनात आला, तोच त्या जातीच्या स्वतःच्या कर्माला लावून पाहावा. आणि स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो दुसऱ्याला देऊन पाहावा. 'त्याने दाबून ठेवले' याच्या जागी 'त्याच्याकडून राहून गेले' असे म्हणून पाहावे. 'मी स्पष्टवक्ता आहे' असे म्हणताना, हेच बोलणाऱ्या भावाला आपण उद्धट म्हटले होते काय, ते आठवावे. दोन शब्दांपैकी कोणता खरा, हे पुष्कळदा त्याच क्षणी कळते. ज्याचे आत्मपरीक्षण शब्दांपर्यंत पोहोचत नाही, ते वरवरचे राहते.

दुसरा नियम निवाड्यापूर्वी थांबण्याचा. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश, अशी जी परंपरा दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे (२।६२-६३), तिच्यात स्मृतीचे स्थान बुद्धीच्या अगोदर आहे. शास्त्राने आणि आचार्यांनी केलेल्या उपदेशाची स्मृती असा तिचा अर्थ श्रीशंकराचार्य करतात. तो अर्थ मुख्य आहेच. परंतु माझ्या अनुभवात साधी, व्यवहारातील स्मृतीही क्रोधाने गेली. रागावलो नसतो तर ग्रंथ मी गावी नेला होता, हे कदाचित आठवले असते. म्हणून राग असेपर्यंत निर्णय देऊ नये. आणि दिलाच, तर तो कोणाजवळ बोलू नये. परोक्ष निंदा न करणे हा गुण भगवंतांनी दैवी संपत्तीत गणला आहे (१६।२), तो उगीच नव्हे. मनातला चुकीचा निर्णय एकट्याला बिघडवितो. बोलून दाखविलेला निर्णय दुसऱ्याचे नाव घेऊन गावभर फिरतो.

तिसरा नियम रात्री निजण्यापूर्वीचा. दिवसभरात दुसऱ्यावर उमटविलेल्या शिक्क्यांपैकी एक आठवावा आणि 'याची हकीगत मी ऐकली होती काय?' एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. ऐकली नसेल तर दुसऱ्या दिवशी विचारावी. विचारण्याने मनुष्य लहान होत नाही.

आणि चूक लक्षात आली तर? तेथे मनातल्या मनात केलेला पश्चात्ताप पुरत नाही. तो खंड सापडल्यानंतर पाच-सहा दिवस मी देवापुढे बसून क्षमा मागत होतो. मग ध्यानात आले की देवाचा ग्रंथ हरवला नव्हता आणि देवाविषयी मी बैठकीत काही बोललो नव्हतो. शास्त्रीबुवा आता दुसऱ्या नगरात राहतात. मी तेथे गेलो आणि सर्व सांगितले. ते म्हणाले, "वडील गेल्यापासून आपले मन कशात रमत नाही, म्हणून आपण अबोल झालात, असे मी समजत होतो. म्हणून मीही फार बोलत नव्हतो."

सात वर्षे माझ्या तुटकपणाला त्यांनी दुःख हे नाव दिले होते, आणि त्यांच्या शांतपणाला मी अपराध हे नाव दिले होते. दोघांपुढेही एकमेकांचे मौनच होते. त्यांनी त्याचा अनुवाद आत्मौपम्याने केला. सहाव्या अध्यायातील त्या श्लोकाचे कित्येक भाष्यांतील विवरण मी मराठीत आणले आहे; परंतु त्याचा अर्थ मला त्या लहानशा खोलीत, त्यांच्या मुखातून कळला.

संपादनाच्या कामाविषयी मी सांगितले, तेव्हा मात्र ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते काम मला हवे होते." त्यांनी मला क्षमा केली, परंतु ते काम आता परत येणार नाही. परतल्यावर मी त्या परिचितांकडे एकेकाकडे जाऊन माझे शब्द मागे घेतले, आणि फळीवरील ते दोन ग्रंथ ज्यांचे त्यांना पोहोचते केले. झाले त्याची ही भरपाई नव्हे. आपल्या निवाड्याने दुसऱ्याच्या ताटातील काय जाते, हे आपल्याला पुष्कळदा कळतही नाही, एवढे मात्र त्यातून शिकलो.

म्हणून सद्गृहस्थहो, आज रात्री अंथरुणावर पडल्यावर एकच मनुष्य आठवावा, ज्याच्यावर आपण कधी काळी शिक्का मारून ठेवला आहे. तो भाऊ असेल, जाऊ असेल, जुना मित्र असेल. त्याची हकीगत आपण ऐकली आहे काय? नसेल, तर उद्याचा दिवस भगवंतांनी त्यासाठीच दिला आहे असे समजावे. ज्या परमात्म्याच्या ठिकाणी सर्व भूते समान आहेत, तो आपल्या सर्वांच्या हाती दुसऱ्यासाठी आणि स्वतःसाठी एकच माप देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.